चोंदलेले नाक मोकळे करणारी औषधे : ती काय करतात आणि कशी वापरावीत

नाक चोंदले की ते शेंबडाने भरले आहे असे आपण धरून चालतो आणि जोरजोराने शिंकरत राहतो. शिंकरून काहीही बाहेर पडत नाही आणि तरीही नाक बंदच राहते, हा अनुभव मात्र प्रत्येकाने घेतलेला असतो. याचे कारण असे की चोंदलेल्या नाकातला अडथळा बहुतांशी रक्ताचा असतो; नाकाच्या आतील आवरणाखालच्या शिरा रक्ताने फुगतात आणि हवेची वाट अरुंद होते. कोल्हापूर परिसरात पाऊस ओसरून गुऱ्हाळे पेटली की चिपाडांच्या धुराने नाके बंद होतात, शिरोलीच्या फाउंड्रीत काम करणाऱ्यांना वाळूची धूळ वर्षभर छळते, आणि सर्दीचा विषाणू तर कोणालाच सोडत नाही. कारण कोणतेही असो, शेवटची पायरी ही शिरा फुगण्याची असते, आणि नाक मोकळे करणारी औषधे नेमक्या याच पायरीवर काम करतात. ती विषाणू मारत नाहीत, ॲलर्जी घालवत नाहीत आणि शेंबूडही सुकवत नाहीत. हे एकदा नीट समजले, की कोणते औषध घ्यावे, ते कसे टाकावे आणि केव्हा थांबवावे, या तीनही प्रश्नांची उत्तरे सोपी होतात.

नाकाच्या आत काय फुगते

प्रत्येक नाकपुडीच्या आत, बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर तीन मांसल उंचवटे असतात. त्यांना टर्बिनेट म्हणतात आणि त्यांपैकी सर्वांत खालचा आकाराने सर्वांत मोठा असतो. त्याच्या आवरणाखाली शिरांच्या रुंद पोकळ्यांचे दाट जाळे असते व या पोकळ्यांच्या भिंतींत अरेखित स्नायूंचे तंतू असतात. हातापायांच्या स्नायूंप्रमाणे हे स्नायू आपल्या इच्छेने हलत नाहीत. ते आकसले की पोकळीतले रक्त पुढे ढकलले जाते आणि उंचवटा बसतो. ते सैल पडले की रक्त साठते आणि तोच उंचवटा फुगून हवा अडवतो.

या स्नायूंना आकसलेले ठेवण्याचे काम अनुकंपी तंत्रिका, म्हणजे आपल्या इच्छेविना काम करणाऱ्या सिम्पथेटिक नसा, करतात. मानेतून वर येणाऱ्या या तंत्रिकांची अतिशय बारीक टोके रक्तवाहिन्यांच्या भिंतींपर्यंत पोहोचलेली असतात आणि त्या टोकांत सूक्ष्म पिशव्यांमध्ये नॉरॲड्रेनॅलिन हे रसायन साठवलेले असते. अनुकंपी तंत्रिकांचा संदेश याच रसायनातून जातो, हे स्वीडनचे उल्फ फॉन ऑयलर यांनी १९४६ मध्ये दाखवले. टोकातून बाहेर पडलेले नॉरॲड्रेनॅलिन स्नायूपेशीच्या पृष्ठभागावरील विशिष्ट प्रथिनांना जाऊन चिकटते. या प्रथिनांना ग्राही म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात येणारे रिसेप्टर ते हेच. या ग्राहींची अल्फा आणि बीटा अशी विभागणी अमेरिकेचे रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये मांडली, आणि नाकाच्या बाबतीत आपल्याला मुख्यतः अल्फा-१ आणि अल्फा-२ यांच्याशी कर्तव्य आहे. अल्फा-१ ग्राही जागा झाला की स्नायूपेशीच्या आत साठवलेले कॅल्शियम मोकळे होते, ते कॅल्मोड्युलिन या प्रथिनाशी जोडले जाते, त्यातून मायोसिन या आकसणाऱ्या प्रथिनाचे तंतू कामाला लागतात आणि पेशी आखडते. अल्फा-२ ची वाट वेगळी आहे, कारण तो पेशीतील सायक्लिक एएमपी नावाचे रसायन कमी करतो. परंतु रक्तवाहिनीच्या भिंतीत त्याचाही परिणाम आकसण्यातच होतो.

ही यंत्रणा दिवसरात्र थोड्या थोड्या प्रमाणात चालू असते. काही तासांच्या फरकाने एक नाकपुडी किंचित फुगते आणि दुसरी मोकळी होते, मग उलटे होते. निरोगी माणसात हे फारसे जाणवत नाही, पण सर्दी झाली की ‘कधी हे, कधी ते नाक बंद’ अशी तक्रार त्यातूनच येते. आडवे पडल्यावर डोक्याकडील शिरांतला दाब वाढतो, म्हणून रात्री नाक अधिक चोंदते. रंकाळ्याभोवती भरभर चालायला निघालेल्या माणसाचे नाक काही मिनिटांत मोकळे होते, कारण शरीर श्रमाला लागले की अनुकंपी तंत्रिका जोमाने काम करू लागतात.

नॉरॲड्रेनॅलिनचा साठा संपला तर काय होते, याचे उत्तर आपल्याकडील सर्पगंधेने फार पूर्वी दिले आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेच्या रक्तदाबावरील उपयोगाविषयी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लेख लिहिला आणि ही वनस्पती जगभर पोहोचली. तिच्यातील रेसरपिन हे द्रव्य तंत्रिकांच्या टोकांतील पिशव्यांत नॉरॲड्रेनॅलिन साठू देत नाही. त्यामुळे रक्तदाब उतरतो, पण ते घेणाऱ्यांची नाके चोंदतात. प्रोस्टेटसाठी किंवा रक्तदाबासाठी अल्फा-१ ग्राही अडवणाऱ्या टॅम्सुलोसिन, प्राझोसिन यांसारख्या गोळ्या घेणाऱ्या काही जणांनाही हाच त्रास होतो. औषध विकत घेण्यापूर्वी आपल्या रोजच्या गोळ्यांपैकी एखादीच नाक चोंदवत नाही ना, हे डॉक्टरांना विचारावे ते यासाठी.

दोन वाटा, दोन कुळे

नाक मोकळे करणाऱ्या औषधांपुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे तंत्रिकेला वगळून थेट स्नायूपेशीवरील अल्फा ग्राही जागे करणे. झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन, नॅफाझोलिन आणि फिनाइलएफ्रिन ही औषधे असे करतात. नाकात टाकलेले ऑक्सिमेटाझोलिन पाच ते दहा मिनिटांत काम सुरू करते व त्याचा परिणाम बारा तासांपर्यंत टिकू शकतो. झायलोमेटाझोलिनचा त्याहून काहीसा कमी, तर नाकात टाकलेल्या फिनाइलएफ्रिनचा जेमतेम चार तास टिकतो.

दुसरी वाट तंत्रिकेच्या टोकातून जाते. वापरून झालेले नॉरॲड्रेनॅलिन परत टोकात ओढून घेणारी एक यंत्रणा तेथे असते. ज्युलियस ॲक्सलरॉड यांनी ती उलगडली आणि १९७० चे नोबेल पारितोषिक फॉन ऑयलर व बर्नार्ड काट्झ यांच्यासह त्यांना मिळाले. स्यूडोइफेड्रिन याच यंत्रणेतून टोकात शिरते आणि पिशव्यांतील नॉरॲड्रेनॅलिन बाहेर ढकलते. म्हणजे स्नायू आकसवण्याचे काम मुख्यतः आपलेच नॉरॲड्रेनॅलिन करते, औषध फक्त ते बाहेर काढते. कणगीतले धान्य भराभर उपसले तर ती रिकामी होते, तसे या औषधाचे डोस लागोपाठ घेतल्यास टोकांतील साठा आटतो आणि तोच डोस पहिल्याइतका लागू पडत नाही. अशा वेळी डोस वाढवून उपयोग होत नाही, थांबणेच योग्य ठरते.

फिनाइलएफ्रिनविषयी येथे स्पष्ट लिहिले पाहिजे. नाकात टाकले तर ते काम करते; पण गोळीतून पोटात गेल्यावर त्याचा बराच मोठा भाग आतड्याच्या भिंतीतच मोडला जातो आणि नाकापर्यंत पुरेसे औषध पोहोचत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने तोंडावाटे घेतलेले फिनाइलएफ्रिन चोंदलेल्या नाकावर परिणामकारक नाही असा एकमताने निष्कर्ष काढला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या प्रशासनाने ते विनाचिठ्ठी मिळणाऱ्या औषधांच्या यादीतून काढण्याचा प्रस्ताव मांडला. आपल्याकडे सर्दीच्या कितीतरी गोळ्यांत पॅरासिटामॉल आणि ॲलर्जीवरील क्लोरफेनिरामिन यांच्या जोडीला हेच द्रव्य असते. अशा गोळीने ताप उतरतो, अंगदुखी कमी होते, नाकाचे पाणी थोडे थांबते आणि झोप येते. नाक मोकळे होण्याची अपेक्षा तिच्याकडून ठेवू नये, असे माझे स्वच्छ मत आहे.

स्यूडोइफेड्रिनच्या कुळातील फिनाइलप्रोपॅनोलामिन एके काळी घरोघरी पोहोचले होते. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका दिसून आल्यावर अमेरिकेने २००० साली त्याविरुद्ध इशारा दिला आणि भारतातही २०११ मध्ये त्यावर बंदी आली. घरातील जुन्या डब्यात अशी एखादी पट्टी पडून असेल तर ती टाकून द्यावी.

दुकानात काय पाहावे

महाद्वार रोडवर असो की राजारामपुरीत, दुकानात आपण औषध मागतो ते बहुधा व्यापारी नावाने. नाकाच्या थेंबांच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही, कारण एकाच नावाखाली झायलोमेटाझोलिनची, ऑक्सिमेटाझोलिनची आणि नुसत्या मिठाच्या पाण्याचीही बाटली मिळू शकते. म्हणून खोक्यावरील बारीक अक्षरातला घटक आणि त्याची टक्केवारी वाचावी. प्रौढांसाठी झायलोमेटाझोलिन ०.१ टक्का आणि ऑक्सिमेटाझोलिन ०.०५ टक्का असते. मुलांसाठीची बाटली त्याहून सौम्य असते आणि ती डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नये. घटकाचे नाव ‘-झोलिन’ असे संपत असेल, तर पुढे सांगितलेली दिवसांची मर्यादा तिला लागू आहे असे समजावे. केवळ सोडियम क्लोराइड लिहिलेले असेल, तर ती मर्यादा लागू नाही.

नाकातले औषध आणि गोळी यांत निवड करायची झाल्यास, दोन-तीन रात्रींच्या त्रासासाठी मी नाकातले औषध अधिक योग्य मानतो. ते जेथे हवे तेथेच जाते, आणि शरीरातील इतर अरेखित स्नायूंपर्यंत त्याचा फार थोडा अंश पोहोचतो.

थेंब आणि फवारा कसा टाकावा

प्रथम नाक हलकेच शिंकरून घ्यावे. एक नाकपुडी बोटाने दाबून दुसरी साफ करावी, दोन्ही दाबून जोर लावू नये, कारण त्याने नाकातला स्राव कानाकडे ढकलला जाऊ शकतो. फवारा असेल तर बसून किंवा उभे राहून मान किंचित पुढे झुकवावी, उजव्या नाकपुडीसाठी डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीसाठी उजव्या हाताने बाटली धरावी व तिचे टोक त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने थोडे बाहेर वळवावे. हात बदलण्याचे कारण साधे आहे. सरळ हाताने धरलेली बाटली नाकाच्या मधल्या पडद्याकडे वळते. औषध तेथे वारंवार पडले तर पडदा कोरडा होऊन रक्त येते, आणि ज्या उंचवट्यासाठी ते टाकले त्याच्यापर्यंत पोहोचतही नाही. फवारा मारताना श्वास हळू आत घ्यावा. जोराने ओढला तर औषध घशात उतरते, कडू लागते आणि पोटातून रक्तात जाते.

थेंबांची बाटली असेल तर पलंगावर उताणे झोपून डोके कडेखाली थोडे लोंबते ठेवावे, ठरलेले थेंब टाकावेत व दोन मिनिटे तसेच राहावे. बाटलीचे टोक नाकाला लागले तर ते स्वच्छ पुसून झाकण लावावे. एका घरात एकच बाटली सर्वांनी वापरण्याची पद्धत सोडून द्यावी, कारण त्यातून संसर्ग पसरतो. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी.

डोस खोक्यावर लिहिल्याप्रमाणेच घ्यावा. ऑक्सिमेटाझोलिन चोवीस तासांत दोन वेळांहून अधिक टाकू नये. दिवसातून एकदाच वापरायचे ठरवले तर ती वेळ झोपण्याआधीची असावी, कारण त्रास रात्री वाढतो आणि चालताफिरताना नाक आपोआप थोडे मोकळे राहते. डॉक्टरांनी स्टेरॉइडचा फवाराही दिला असेल तर आधी नाक मोकळे करणारे औषध टाकावे, पाच-दहा मिनिटे थांबावे आणि मग स्टेरॉइड मारावे, म्हणजे ते मोकळ्या झालेल्या वाटेने आतपर्यंत जाते.

तीन दिवसांची मर्यादा कशासाठी

माझ्या मते या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. काही खोक्यांवर पाच, काहींवर सात दिवसांची मर्यादा असते. मी तीन दिवसांवर थांबण्याचा सल्ला देतो. औषध रोज ग्राहींवर येऊन बसू लागले की पेशी आपले ग्राही कमी करते किंवा त्यांची संवेदना मंदावते. त्याच वेळी तंत्रिकेच्या टोकावरही अल्फा-२ ग्राही असतात आणि त्यांचे काम ‘बाहेर पुरेसे रसायन आहे, आता थांबा’ असा निरोप देण्याचे असते. बाहेरून आलेले औषध हाच निरोप सतत देत राहते आणि टोके आपले नॉरॲड्रेनॅलिन सोडणे कमी करतात. याशिवाय दिवसेंदिवस रक्तपुरवठा आवळला गेल्याने आवरणाला सूज येते. मग औषधाचा अंमल उतरला की शिरा पूर्वीपेक्षा अधिक फुगतात, माणूस पुन्हा थेंब टाकतो, आणि थेंबांमुळे चोंदलेले नाक थेंबांनीच उघडण्याचे चक्र सुरू होते. औषधाची दोन मात्रांमधली वेळ कमी होऊ लागली, बाटली खिशात किंवा उशाशी ठेवल्याशिवाय झोप येईनाशी झाली, तर मूळ सर्दी केव्हाच गेलेली आहे आणि आता त्रास औषधाचा आहे, असे समजावे.

या चक्रातून बाहेर पडता येते. एक पद्धत अशी की आधी एकाच नाकपुडीत औषध बंद करावे, ती नैसर्गिकपणे मोकळी होईपर्यंत दुसऱ्या नाकपुडीने श्वास चालू ठेवावा आणि नंतर दुसरीही सोडवावी. सोबत डॉक्टरांच्या सल्ल्याने फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन यांसारखा स्टेरॉइडचा फवारा सुरू केल्यास सूज उतरायला मदत होते. पण त्याचा गुण यायला काही दिवस लागतात, म्हणून पहिल्याच रात्री त्याच्यावर रागावू नये. मिठाच्या पाण्याने नाक धुतल्यानेही बराच आराम पडतो. एक लिटर पाणी उकळून पूर्ण कोमट झाल्यावर त्यात सुमारे ९ ग्रॅम, म्हणजे चहाचे सपाट दीड चमचे मीठ घालावे. नळाचे किंवा विहिरीचे न उकळलेले पाणी नाकात कदापि घालू नये, कारण त्यातील काही सूक्ष्मजीव नाकातून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. पहिले काही दिवस उशाला उंची द्यावी. हे दिवस कठीण जातात, यात शंका नाही.

इतर अरेखित स्नायूंचे काय

अल्फा-१ ग्राही केवळ नाकात नसतात, आणि विशेषतः गोळीतून घेतलेले औषध सगळीकडे जाते. मूत्राशयाच्या तोंडाशी आणि प्रोस्टेटमध्ये असलेले अरेखित स्नायू आकसले की लघवीची धार बारीक होते किंवा लघवी पूर्ण अडते. टॅम्सुलोसिन हेच स्नायू सैल करण्यासाठी दिलेले असते, तेव्हा त्यासोबत स्यूडोइफेड्रिन घेणे म्हणजे एका औषधाने दुसऱ्याचे काम बिघडवणे होय. डोळ्याची बाहुली रुंदावणाऱ्या स्नायूतही हे ग्राही असतात, म्हणून ज्यांच्या डोळ्यातील द्रव निचरा होण्याचा कोन अरुंद आहे त्यांना काचबिंदूचा तीव्र झटका येऊ शकतो. हातापायांच्या धमन्या आकसल्या की रक्तदाब चढतो. उच्च रक्तदाब नियंत्रणात नसलेल्यांनी, हृदयविकार किंवा थायरॉइडचा अतिस्राव असलेल्यांनी आणि गर्भवतींनी ही औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. सेलेजिलिन, रासाजिलिन (पार्किन्सनवरील औषधे) किंवा लिनेझोलिड (प्रतिजैविक) घेणाऱ्यांना तर या औषधांमुळे रक्तदाब धोकादायक पातळीवर जाऊ शकतो, कारण नॉरॲड्रेनॅलिन मोडणारे विकरच (एन्झाइम) ती औषधे अडवतात. दम्यात आकसलेली श्वासनलिका या औषधांनी मोकळी होत नाही. तेथील स्नायू सैल करणारे ग्राही बीटा-२ आहेत.

लहान मुलांबाबत अधिक जपावे. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन यांचे एकत्रित औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचा आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. ‘-झोलिन’ कुळातील थेंब मुलाने चुकून गिळले तर एक-दोन मिलिलिटरनेही ते सुस्त होऊ शकते, त्याची नाडी आणि श्वास मंदावू शकतो. रक्तदाबावरचे क्लोनिडिन हे याच कुळातले. ते मुळात नाकाचे औषध म्हणून तपासले जात असताना त्याचा रक्तदाब उतरवणारा आणि झोप आणणारा गुण ध्यानात आला. म्हणून बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी, आणि असे घडले तर वाट न पाहता मुलाला रुग्णालयात न्यावे. तान्ह्या बाळाचे नाक मिठाच्या पाण्याच्या थेंबांनीच साफ करावे.

बाम आणि तांबडा रस्सा

पुदिन्याचे फूल (म्हणजेच मेन्थॉल), निलगिरी, बाम हुंगला की नाक उघडल्यासारखे वाटते. मेन्थॉल नाकातील वेगळ्या तंत्रिकांच्या, म्हणजे चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या तंत्रिकांच्या टोकांवरील थंडी ओळखणारे ग्राही जागे करते. हवा थंड आणि मोकळी आत येते आहे असा भास होतो, पण शिरा आकसत नाहीत आणि वाट रुंद होत नाही. तो दिलासाही अनेकदा पुरेसा असतो, आणि त्याला तीन दिवसांची मर्यादा नाही. दोन वर्षांखालील मुलांच्या नाकाजवळ किंवा छातीला कापूर-मेन्थॉल मात्र लावू नये. तांबड्या रश्शातील तिखट त्याच तंत्रिकांच्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहींना चेतवते, त्यातून ग्रंथी पाझरतात आणि नाक वाहू लागते. साचलेला घट्ट स्राव त्याने पातळ होऊन निघतो, फुगलेल्या शिरा मात्र तशाच राहतात.

तालमीतल्या मल्लांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. जागतिक उत्तेजक-विरोधी संस्थेच्या नियमांनुसार लघवीच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये स्यूडोइफेड्रिन १५० मायक्रोग्रॅमहून किंवा इफेड्रिन १० मायक्रोग्रॅमहून अधिक आढळले तर स्पर्धेच्या काळात तो दोष ठरतो. नाकात टाकायच्या झायलोमेटाझोलिन वा ऑक्सिमेटाझोलिनवर अशी बंदी नाही. स्पर्धेच्या आधी सर्दी झालेल्या मल्लाने गोळीऐवजी हे थेंब निवडावेत आणि घेतलेल्या प्रत्येक औषधाचे वेष्टन जपून ठेवावे.

दहा दिवसांनंतरही नाक बंद असेल, एकाच बाजूने बंद राहून त्यातून रक्त येत असेल, किंवा चेहरा दुखून डोळ्याभोवती सूज येत असेल, तर कोणतेही थेंब न टाकता कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात किंवा आपल्या नेहमीच्या तज्ज्ञांकडे तपासून घ्यावे, आणि जाताना तोपर्यंत वापरलेली बाटली सोबत न्यावी.